विश्लेषण : एकट्या रेणूचा ठावठिकाणा किती अचूक? नॅनोमीटरच्या दाव्यांमागील प्रकाशकणांचा हिशोब

पेशीतील एकेका रेणूचे छायाचित्र आता टिपता येते. मात्र अत्यंत मंद प्रकाशातील या चित्रांवर किती विसंबायचे, हे त्यांच्या देखणेपणावरून ठरत नाही. किती प्रकाशकण मोजले गेले आणि कोणत्या चुका तपासल्या गेल्या, यावर ते ठरते. हा हिशोब चित्रासोबत जाहीर होणे का गरजेचे आहे?

हा प्रश्न महत्त्वाचा का?

पेशीच्या पटलावर दोन प्रथिने एकमेकांना जोडलेली आहेत की नुसतीच शेजारी आहेत? औषधाचा रेणू ज्या ग्राहीवर बसायला हवा, ते ग्राही एकेकटे असतात की पुंजक्याने? मेंदूतील दोन चेतापेशींच्या सांध्यावरची प्रथिनांची मांडणी आजारात बदलते का? अशा प्रश्नांची उत्तरे नॅनोमीटरमध्ये दडलेली असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एखादे मध्यम आकाराचे प्रथिन जेमतेम चार-पाच नॅनोमीटरचे असते.

इतक्या लहान अंतराबाबत ‘जोडलेले आहेत’ किंवा ‘वेगळे आहेत’ असा निष्कर्ष काढायचा, तर मोजमापातील चूक त्या अंतराहून बरीच लहान असावी लागते. चूक तीस नॅनोमीटरची आणि दावा दहा नॅनोमीटरचा असेल, तर निष्कर्षाला आधार उरत नाही. पुढची औषधसंशोधनाची दिशा, त्यावरचा खर्च आणि संशोधकांची वर्षे अशा निष्कर्षांवर अवलंबून असतात. म्हणून प्रयोगशाळेतील हा तांत्रिक वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात विश्वासार्हतेचा आहे.

एकटा रेणू दिसू लागला कधी?

जर्मनीतील येना येथे अर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्ये सूक्ष्मदर्शकाची मर्यादा मांडली. प्रकाश लहरींनी बनलेला असल्याने तो भिंगातून जाताना पसरतो. त्यामुळे दृश्य प्रकाशात सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत. भिंग कितीही उत्तम असले, तरी बिंदूएवढा रेणू दोन-अडीचशे नॅनोमीटरच्या धूसर ठिपक्यासारखाच दिसतो.

एकेकट्या रेणूचा प्रकाशीय माग पहिल्यांदा लागला तो १९८९ मध्ये. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत विल्यम मोर्नर आणि लोथर कॅडोर यांनी अतिशीत स्फटिकातील एका रेणूने शोषलेला प्रकाश ओळखला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशेल ओरी आणि जॅकी बर्नार यांनी एका रेणूने बाहेर टाकलेला प्रकाश टिपला. १९९७ मध्ये मोर्नर आणि सहकाऱ्यांना आढळले की, हिरव्या रंगाने चमकणाऱ्या प्रथिनाचे एकेकटे रेणू उघडझाप करतात आणि विझलेला रेणू प्रकाश टाकून पुन्हा पेटवताही येतो.

या उघडझापीचा उपयोग २००६ मध्ये झाला. एरिक बेट्झिग आणि हॅराल्ड हेस यांनी एका घराच्या दिवाणखान्यात उभारलेल्या यंत्रातून ‘पाम’ ही पद्धत आकाराला आली. त्याच वर्षी हार्वर्डमधील श्याओवेई झुआंग यांच्या गटाने ‘स्टॉर्म’ ही तिच्याशी मिळतीजुळती पद्धत मांडली. २०१४ मध्ये बेट्झिग, मोर्नर आणि वेगळ्या मार्गाने हीच मर्यादा ओलांडणारे स्टेफान हेल यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

दोनशे नॅनोमीटरच्या ठिपक्यातून नेमकी जागा कशी कळते?

पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदरा परिसरात काजव्यांनी भरलेली झाडे पाहायला गर्दी होते. सगळे काजवे सतत पेटलेले राहिले, तर दुरून नुसता उजेडाचा गोळा दिसेल. पण एका वेळी मोजकेच काजवे चमकत असतील, तर प्रत्येकाची जागा वेगवेगळी टिपून ठेवता येते. शेकडो क्षणांच्या नोंदी एकावर एक ठेवल्या की, झाडाच्या फांद्यांचा आकार उमटू लागतो.

रेणूंबाबतही असेच केले जाते. पेशीतील प्रथिनांना चमकणारे रेणू जोडतात आणि एका वेळी त्यांतील अगदी थोडेच पेटते ठेवतात. प्रत्येक रेणूचा ठिपका धूसर असला, तरी शेजारी दुसरा ठिपका नसल्याने त्याचा मध्यबिंदू काढता येतो. ठिपका अडीचशे नॅनोमीटर रुंद असूनही त्याचा मध्य दहा-वीस नॅनोमीटरपर्यंत, कधी त्याहून बारकाईने सांगता येतो. हजारो चित्रांतील असे मध्यबिंदू एकत्र मांडले की अंतिम चित्र तयार होते.

म्हणजे हे चित्र एका क्लिकमध्ये निघालेले छायाचित्र नसते. लाखो अंदाजांचा तो नकाशा असतो आणि प्रत्येक अंदाजाला स्वतःची चूक असते. पडद्यावरच्या झळझळीत रंगांत नेमके हेच विसरले जाते.

प्रकाशकणांची संख्या इतकी निर्णायक का?

प्रकाश कणाकणाने येतो. एका रेणूकडून येणारे प्रकाशकण कॅमेऱ्यावर ठरावीक लयीत पडत नाहीत. पावसाच्या पहिल्या सरीचे थेंब अंगणातल्या फरश्यांवर पडावेत, तसे ते पडतात. सर सारखीच असली, तरी एका फरशीवर नऊ थेंब पडतात, शेजारच्या फरशीवर तेरा. या नैसर्गिक चढउताराचा नियम असा की, सरासरी १०० कण येत असतील तर मोजणी साधारण १० ने मागेपुढे होते. १०,००० कण येत असतील तर १०० ने. म्हणजे पहिल्या मोजणीतील अनिश्चितता दहा टक्के, तर दुसरीतील एकच टक्का.

ठिपक्याचा मध्य काढतानाही हाच नियम लागू होतो. ठिपक्याचा पसारा साधारण १२० नॅनोमीटर धरला, तर आदर्श स्थितीत १०० प्रकाशकणांवरून मध्य सुमारे १२ नॅनोमीटरच्या अनिश्चिततेने सांगता येतो. ९०० कण मिळाले, तर ४ नॅनोमीटरच्या आणि १०,००० कण मिळाले, तर १.२ नॅनोमीटरच्या. अनिश्चितता निम्मी करायची तर चौपट प्रकाशकण हवेत.

पण ते आणायचे कुठून? एक रेणू मर्यादित प्रकाशकण बाहेर टाकतो आणि मग कायमचा विझतो. त्यातलेही निम्म्याहून अधिक भिंगाकडे न येता इतर दिशांना निघून जातात. उत्तम रासायनिक रंगाकडून एका चमकेत काही हजार प्रकाशकण मिळू शकतात. जिवंत पेशीत वापरल्या जाणाऱ्या चमकत्या प्रथिनांकडून मात्र बहुधा काहीशेच मिळतात. लेझर वाढवला तर रेणू लवकर विझतो आणि पेशीलाही इजा होते.

जास्त वेळ टिपत राहावे, तर रेणू जागचा हलतो. पटलावर मध्यम वेगाने फिरणारे एखादे प्रथिन एका चित्राच्या तीस मिलिसेकंदांत शंभरेक नॅनोमीटर सरकू शकते. मग मध्य कितीही बारकाईने काढला, तरी तो नेमक्या कोणत्या क्षणाचा, हे सांगता येत नाही.

पार्श्वप्रकाशाने किती फरक पडतो?

रेणूभोवती पूर्ण काळोख कधीच नसतो. पेशी स्वतः थोडी चमकते, काच चमकते, फोकसबाहेरचे रेणूही उजेड सोडतात. रसेल थॉम्पसन, डॅनियल लार्सन आणि वॅट वेब यांनी २००२ मध्ये मांडलेल्या सूत्रात या पार्श्वप्रकाशाचा वेगळा हिशोब आहे. मंद प्रकाशात तो किती महाग पडतो, हे त्यावरून कळते.

समजा, रेणूकडून ३,००० प्रकाशकण मिळाले आणि कॅमेऱ्याच्या प्रत्येक पिक्सेलवर सरासरी दहा पार्श्वकण आहेत. १२० नॅनोमीटरचा ठिपका आणि १०० नॅनोमीटरचा पिक्सेल धरला, तर सूत्रानुसार अनिश्चितता २.३ वरून २.४ नॅनोमीटर होते. हा फरक नगण्य आहे. पण रेणूकडून ३०० च कण मिळाले असतील, तर तेवढ्याच पार्श्वप्रकाशात अनिश्चितता ७ वरून १० नॅनोमीटरच्या पुढे जाते. प्रकाश जितका कमी, तितकी प्रत्येक त्रुटीची किंमत जास्त. म्हणून तेजस्वी नमुन्यावर सिद्ध झालेला आकडा मंद नमुन्याला लावता येत नाही.

शेवटची मर्यादा ठरवणाऱ्या गणिताचे भारताशी नाते काय?

हाती असलेल्या प्रकाशकणांतून जास्तीत जास्त किती अचूकता काढता येईल, या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शकाच्या नव्हे, तर संख्याशास्त्राच्या इतिहासात सापडते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करणाऱ्या सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये, ऐन पंचविशीत, कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. मोजलेल्या नोंदींत जेवढी माहिती आहे, त्याहून अधिक नेमका अंदाज कोणत्याही निःपक्षपाती पद्धतीला काढता येत नाही, ही मर्यादा त्यात सिद्ध केली होती. स्वीडनचे हॅराल्ड क्रॅमर हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आले. म्हणून ती ‘क्रॅमर-राव मर्यादा’ म्हणून ओळखली जाते. राव यांना २०२३ मध्ये संख्याशास्त्राचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

रायमंड ओबर, श्रीपाद राम आणि सॅली वॉर्ड यांनी २००४ मध्ये ही मर्यादा एकट्या रेणूच्या सूक्ष्मदर्शनाला लावली. त्यामुळे प्रयोगापूर्वीच सांगता येऊ लागले की, इतके प्रकाशकण, असे भिंग आणि असा कॅमेरा असेल, तर यापेक्षा चांगले उत्तर मिळूच शकत नाही. कोणी त्याहून नेमके उत्तर मिळाल्याचे सांगत असेल, तर प्रकाशकणांची मोजणी चुकली आहे किंवा उत्तरात बाहेरून काही गृहीतक मिसळले आहे, असे समजावे.

या क्षेत्राला स्वतःचे आकडेही दुरुस्त करावे लागले. २०१० मध्ये किम मॉर्टेन्सेन, हेन्रिक फ्लायबिअर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, त्या काळी सर्रास वापरली जाणारी साध्या वर्गांची जुळणी पद्धत घेतली, तर पार्श्वप्रकाश नसतानाही खरी अनिश्चितता २००२ च्या सूत्राने सांगितलेल्याहून सुमारे एक तृतीयांशाने मोठी असते. प्रकाशकणांचा स्वभाव लक्षात घेणारी ‘महत्तम संभाव्यता’ पद्धत वापरली, तर राव यांच्या मर्यादेजवळ पोहोचता येते. एकच ठिपका, एकच कॅमेरा आणि तेवढेच प्रकाशकण असूनही गणिताच्या निवडीने उत्तराचा दर्जा बदलतो.

कॅमेऱ्याचा आकडा म्हणजेच प्रकाशकण का?

नाही. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलसाठी एक आकडा देतो. त्यात मुळातच मिळवलेला एक स्थिर भाग असतो आणि उरलेल्या भागाला कॅमेऱ्याच्या वर्धनाने गुणलेले असते. तो स्थिर भाग वजा करून आणि वर्धनाने भागूनच प्रकाशकण मिळतात. ही जुळणी चुकली, तर ३०० प्रकाशकण ६०० म्हणून नोंदले जातात आणि अनिश्चितता कागदावर आपोआप कमी दिसते. चित्रात मात्र काहीच सुधारलेले नसते.

मंद प्रकाशासाठी दीर्घकाळ वापरले गेलेले ईएमसीसीडी कॅमेरे एकेका इलेक्ट्रॉनचे शेकडो इलेक्ट्रॉन करतात. त्यामुळे वाचनाच्या वेळचा नॉइज झाकला जातो. पण ही वाढ प्रत्येक वेळी सारखी होत नसल्याने मोजणीत नवा चढउतार शिरतो. त्याचा परिणाम हाती आलेले प्रकाशकण निम्मे झाल्यासारखा असतो.

नंतर आलेल्या एससीमॉस कॅमेऱ्यांत ही अडचण नाही आणि ते वेगवानही आहेत. मात्र त्यांच्या प्रत्येक पिक्सेलचा नॉइज वेगळा असतो. एखादा पिक्सेल विनाकारण चमकत असेल, तर साधे सॉफ्टवेअर त्यालाच रेणू समजते किंवा शेजारच्या रेणूचा मध्य त्याच्याकडे ओढते. २०१३ मध्ये येल विद्यापीठातील गटाने प्रत्येक पिक्सेलचे गुणदोष आधी मोजून गणितात घेण्याची पद्धत मांडली. ती वापरायची, तर कॅमेरा झाकून काळोखातली हजारो चित्रे घेण्याचे कंटाळवाणे काम करावेच लागते.

नेमकेपणा आणि अचूकता यांत फरक कोणता?

वाण्याच्या दुकानातला काटा दहा वेळा वजन केल्यावर दहाही वेळा एकच आकडा दाखवत असेल, तर तो नेमका आहे. पण काट्यातच पन्नास ग्रॅमची खोट असेल, तर तो अचूक नाही. कितीही वेळा तोललेत, तरी ती खोट सरासरीत नाहीशी होत नाही. वैधमापन शास्त्र यंत्रणा काट्याची पडताळणी करून शिक्का मारते, ती याचसाठी.

प्रकाशकण वाढवल्याने फक्त नेमकेपणा वाढतो. काट्यातली खोट तशीच राहते आणि एकट्या रेणूच्या सूक्ष्मदर्शनात अशा खोटी अनेक आहेत. प्रयोग चालू असताना खोलीच्या तापमानाने नमुना ठेवलेला मंच सरकतो. काही मिनिटांत तो दहापट नॅनोमीटर हलू शकतो. त्यावर उपाय म्हणून नमुन्यात सोन्याचे किंवा चमकणारे सूक्ष्म मणी ठेवून त्यांच्या हालचालीवरून चित्र सरळ केले जाते.

दुसरी खोट रेणूच्या दिशेची. रेणू सर्व बाजूंना सारखा प्रकाश टाकत नाही. तो फिरायला मोकळा नसेल आणि फोकसपासून किंचित वर-खाली असेल, तर त्याचा ठिपका एका बाजूला झुकतो. मग काढलेला मध्य खऱ्या जागेपासून कित्येक नॅनोमीटर दूर जातो आणि चित्र पाहून ते कळतही नाही. तिसरी खोट खोलीची. उभ्या दिशेतील जागा आडव्या दिशेच्या तुलनेत साधारण दुपटीने कमी नेमकी कळते आणि काच व पेशी यांचे अपवर्तन वेगळे असल्याने खोलीचे मापही ताणले जाते.

चौथी खोट सर्वात साधी, पण दुर्लक्षित. कॅमेरा प्रथिनाची जागा सांगत नाही, त्याला जोडलेल्या चमकत्या रेणूची सांगतो. ही जोडणी बऱ्याचदा दोन प्रतिपिंडांच्या साखळीने होते. एक प्रतिपिंड सुमारे दहा नॅनोमीटरचे असते. म्हणजे चमकणारा ठिपका आणि प्रत्यक्ष प्रथिन यांत पंधरा-वीस नॅनोमीटरचे अंतर सहज पडते. मध्यबिंदू दोन नॅनोमीटरने सांगितला, तरी तो भलत्याच जागेचा असतो.

चुकीच्या मोजणीचा परिणाम काय होतो?

काही वेळा नेमक्या मोजणीने वैज्ञानिक वाद मिटले आहेत. मायोसिन-५ हे पेशीतले ओझेवाहू प्रथिन दोन पायांनी माणसासारखे एकामागून एक पाऊल टाकत चालते, की अळीसारखे पुढचा पाय पुढेच ठेवून सरपटते, यावर मतभेद होते. २००३ मध्ये अहमत यिल्दिझ, पॉल सेल्विन आणि सहकाऱ्यांनी रेणूची जागा १.५ नॅनोमीटरच्या नेमकेपणाने मोजली. सरपटत असेल तर प्रत्येक पाय ३७ नॅनोमीटरने सरकायला हवा होता. प्रत्यक्षात एक पाय एकदम ७४ नॅनोमीटर पुढे पडत होता. अनिश्चितता तीस-चाळीस नॅनोमीटरची असती, तर हा निवाडा झालाच नसता.

उलट उदाहरणही आहे. रोगप्रतिकारक टी पेशींच्या पटलावरील ग्राही विश्रांतीच्या स्थितीतही पुंजक्यांनी असतात, असे २०१० मध्ये मांडले गेले. पेशीला शत्रूची चाहूल इतक्या लवकर कशी लागते, याच्या स्पष्टीकरणाशी हा मुद्दा जोडला गेला. मात्र चमकणारा एकच रेणू अनेकदा उघडझाप करतो आणि दर वेळी त्याची जागा थोडी वेगळी नोंदली जाते. एका रेणूच्या पाच नोंदी वीस नॅनोमीटरच्या परिसरात विखुरल्या, तर त्या पाच रेणूंच्या पुंजक्यासारख्याच दिसतात. हा दोष तपासून केलेल्या २०१८ मधील अभ्यासाने विश्रांतीतील टी पेशींवर ग्राही विखुरलेले असल्याचा निष्कर्ष काढला. एका मूलभूत प्रश्नावर आठ वर्षांत दोन विरुद्ध उत्तरे आली आणि दोन्ही बाजूंकडे पाहण्यासारखी चित्रे होती.

फिरत्या रेणूंचा माग काढतानाही असेच घडते. मोजणीतील अनिश्चितता मोठी असेल, तर मोकळेपणाने फिरणारा रेणू कुंपणात अडकल्यासारखा भासू शकतो. त्यातून नसलेल्या कुंपणाचा शोध लागतो.

पडताळणी कशी करता येते?

ज्याचे माप आधीच ठाऊक आहे, अशी वस्तू मोजून पाहणे हा जुना उपाय येथेही चालतो. डीएनएच्या धाग्यांची घडी घालून ठरावीक अंतरावर चमकते रेणू बसवलेल्या ‘नॅनोपट्ट्या’ तयार करता येतात. पेशीच्या केंद्रकाच्या आवरणातील छिद्रे तर निसर्गानेच दिलेली मोजपट्टी आहेत. प्रत्येक छिद्राला आठ बाजू असतात आणि त्यातील एनयूपी-९६ या प्रथिनाच्या नेमक्या ३२ प्रती असतात. २०१९ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी ही छिद्रे प्रमाण म्हणून वापरण्याची पद्धत मांडली. यंत्राला ३२ पैकी किती प्रती दिसल्या, वर्तुळाचा व्यास बरोबर आला का, हे त्यातून कळते.

सॉफ्टवेअरचीही परीक्षा झाली आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील गटाने २०१३ पासून जगभरातील प्रणालींना कृत्रिमरीत्या तयार केलेली चित्रे सोडवायला दिली. त्यांतील रेणूंच्या खऱ्या जागा आयोजकांना ठाऊक होत्या. मंद आणि गर्दीच्या चित्रांत प्रणालींच्या उत्तरांत मोठी तफावत दिसली. कोणती प्रणाली उत्तम, याचे उत्तर चित्र कोणत्या प्रकारचे आहे यावर अवलंबून राहिले.

कृत्रिम बुद्धिमत्ता प्रकाशाची उणीव भरून काढेल?

अंशतः. २०२१ मध्ये आलेली ‘डिकोड’ ही प्रणाली ठिपके एकमेकांवर आलेले असतानाही रेणूंच्या जागा काढते आणि प्रत्येक जागेसोबत तिची अनिश्चितताही सांगते. ही दिशा योग्य आहे. मात्र धूसर चित्र स्वच्छ करून देणाऱ्या अनेक प्रणाली आधी पाहिलेल्या चित्रांवरून रिकाम्या जागा भरतात. प्रशिक्षणात पेशीतील तंतू पाहिले असतील, तर नॉइजमध्येही तंतू उमटू शकतो. निरोगी पेशींवर शिकलेली प्रणाली आजारी पेशीतला वेगळेपणा पुसून टाकू शकते आणि संशोधकाला तर नेमका तोच हवा असतो.

राव यांच्या मर्यादेचा अर्थ येथेही लागू आहे. जे प्रकाशकण कॅमेऱ्यावर पडलेच नाहीत, त्यांतली माहिती कोणतीही प्रणाली परत आणू शकत नाही. ती जे भरते, तो पूर्वानुभव असतो. पूर्वानुभव वापरण्यात गैर काही नाही. तो मोजमाप म्हणून पुढे करण्यात गैर आहे.

कमी प्रकाशातून जास्त माहिती मिळू शकते का?

मिळू शकते, पण त्यासाठी मोजण्याची रीतच बदलावी लागते. २०१६ मध्ये हेल यांच्या गटाने ‘मिनफ्लक्स’ पद्धत मांडली. त्यात मध्यभागी काळोख असलेला, मेदुवड्याच्या आकाराचा लेझर झोत रेणूभोवती फिरवला जातो. रेणू जिथे सर्वात कमी चमकतो, तिथेच काळोखाचा मध्य. त्यामुळे प्रत्येक प्रकाशकणातून जास्त माहिती निघते आणि फार कमी प्रकाशात एक-दोन नॅनोमीटरचा नेमकेपणा साधतो. २०२३ मध्ये या पद्धतीने जिवंत पेशीतील कायनेसिन या प्रथिनाची पावले मोजली गेली. त्याच वर्षी म्युनिकजवळील संशोधकांनी एकेका रेणूच्या अनेक नोंदींची सरासरी काढून डीएनएवरील एक नॅनोमीटरहून कमी अंतर मोजले.

ही कामगिरी मोठी आहे. तरीही मिनफ्लक्सच्या झोताचा मध्य पूर्ण काळा नसतो, पार्श्वप्रकाश असतोच आणि चमकता रेणू प्रथिनापासून दूर जोडलेला असेल तर तो दूरच राहतो. जसजसा नेमकेपणा वाढतो, तसतशा पूर्वी नॉइजमध्ये झाकल्या गेलेल्या खोटी उघड्या पडतात. यंत्र सुधारले, म्हणून पडताळणीची गरज संपत नाही. उलट ती वाढते.

यापुढे काय व्हायला हवे?

मार्ग ठाऊक आहेत. प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक चित्रासोबत एका चमकेत सरासरी किती प्रकाशकण मिळाले, पार्श्वप्रकाश किती होता, अनिश्चितता किती, मंच सरकण्याची दुरुस्ती कशी केली आणि एकाच रेणूच्या पुन्हापुन्हा होणाऱ्या नोंदी कशा वगळल्या, हे सांगितले जावे. मूळ चित्रे इतरांना तपासण्यासाठी खुली असावीत. प्रकाशसूक्ष्मदर्शकांच्या दर्जाचे समान निकष ठरवण्यासाठी २०२० मध्ये ‘क्वारेप-लिमी’ हा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला आहे. पण निकष ऐच्छिक राहिले, तर घाईत असलेला संशोधक ते आधी वगळतो. म्हणून नियतकालिकांनी आणि निधी देणाऱ्या यंत्रणांनी ते बंधनकारक करायला हवेत.

भारतीय संस्थांसाठीही यात धडा आहे. महागडा सूक्ष्मदर्शक विकत घेताना त्याच्या नियमित पडताळणीसाठी, कॅमेऱ्याच्या मोजणीसाठी आणि ते काम करणाऱ्या प्रशिक्षित तंत्रज्ञासाठी वेगळी तरतूद हवी. यंत्राच्या उद्घाटनाचा फोटो वृत्तपत्रात येतो, पडताळणीच्या नोंदवहीचा येत नाही. तरी निकालाची विश्वासार्हता त्या नोंदवहीवरच उभी असते. मोजमापाची मर्यादा जगाला सांगणारा सिद्धांत कोलकात्यात लिहिला गेला, त्या देशात हे कठीण वाटू नये.

सामान्य वाचकाला प्रकाशकण मोजायचे नाहीत. पण ‘रेणू प्रत्यक्ष पाहिला’ अशी बातमी वाचताना एक प्रश्न जरूर विचारता येतो : किती नॅनोमीटरच्या चुकीने? ज्या संशोधनात या प्रश्नाचे उत्तर दिलेले असते, त्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. जिथे उत्तर नसते, तिथे चित्र कितीही सुंदर असले, तरी मोजमाप अजून व्हायचे आहे.